बाबागाडी घेण्याआधी जिना मोजा

बाबागाडी घ्यायचं ठरलं की घराघरांत मोबाइल उघडले जातात. रंग बघितले जातात, किमतींची तुलना होते, कुणाच्या गाडीला बाटली ठेवायची जागा आहे आणि कुणाच्या नाही यावर चर्चा होते. माझं सांगणं आहे की मोबाइल अर्धा तास बाजूला ठेवा, मोजपट्टी घ्या आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत एकदा चालत जा. तुमच्या घरात कोणती गाडी टिकेल हे त्या शंभर पावलांत कळतं.

उंबरठा किती उंच आहे? जाळीचं दार पूर्ण उघडतं, की बाहेरच्या चपलांच्या स्टँडला अडतं? लिफ्ट असेल तर तिच्या दाराची रुंदी मोजा, आतली खोलीही मोजा. जुन्या इमारतींतल्या सरकत्या जाळीच्या लिफ्ट अरुंद असतात. एका बाळाची गाडी साधारण 45 ते 60 सेंमी रुंद आणि 80 सेंमी ते एक मीटर लांब असते. ती आत मावली तरी तिच्यासोबत ढकलणारा माणूस मावला पाहिजे. लिफ्टमधून उतरल्यावर पार्किंगपर्यंत तीन-चार पायऱ्या असतील तर उतार आहे का ते बघा. फाटकाबाहेर गटाराचं झाकण, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पदपथावर मोटारसायकली चढू नयेत म्हणून रोवलेले खांब, हे सगळं डोळ्यांखालून घाला. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर कुठलीही गाडी छान चालते. पेठेतल्या गल्लीत तीच गाडी दर दहा पावलांना उचलावी लागते.

उचलावी लागते, हाच आपल्याकडचा खरा मुद्दा आहे. परदेशी जाहिरातींतली बाबागाडी घरातून निघते ती थेट बागेत पोचेपर्यंत चाकांवरच असते. आपल्या शहरांत ती निम्मा वेळ हातात असते. जिना, रिक्षा, बागेच्या फाटकातला फिरता अडसर, दवाखान्याच्या पायऱ्या. म्हणून 'सगळ्याला उपयोगी पडणारी' गाडी हवी असेल तर मी जोडउपकरणांची यादी बघत नाही, घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला ती एका हाताने उचलता येते का ते बघते. वर्षभराचं मूल साधारण नऊ-साडेनऊ किलोचं असतं. ते कडेवर, खांद्यावर दुपट्यांची आणि बाटल्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात गाडी, असा तो एकूण भार आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सहा-सात किलोंच्या वरची गाडी घेऊ नये. दहा-बारा किलोंची दणकट गाडी दुकानात कितीही आवडली तरी महिनाभरात ती जिन्याखाली पडून राहते आणि तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं साठतात.

ऑनलाइन घेताना एक घोळ हमखास होतो. 'वजन 15 किलो' असं लिहिलेलं दिसतं आणि ते गाडीचं आहे की बाळाचं हे कळत नाही. बहुतेक वेळा ती बाळाच्या वजनाची मर्यादा असते. गाडीचं स्वतःचं वजन वेगळं शोधावं लागतं, आणि काही ठिकाणी खोक्यासकट धरलेलं असतं. युरोपच्या ईएन 1888 या मानकाचा पहिला भाग 15 किलोंपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आणि दुसरा 15 ते 22 किलोंसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन 14 किलोंच्या आसपास असतं. म्हणजे 15 किलोंची मर्यादा तीन वर्षांपर्यंत बहुतेकांना पुरते. मूल अंगाने भरलेलं असेल, किंवा मोठ्या प्रवासांत चार वर्षांच्या मुलालाही बसवायचं असेल, तर 22 किलोंची गाडी बघा.

आता घाईबद्दल. कितीतरी घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत, आणि बाबागाडीच्या बाबतीत ही रीत व्यवहारालाही धरून आहे. पहिला सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर फारशी पडत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर तीन-चार महिने मुक्काम तिथेच असतो. मग गाडी माहेरच्या जिन्याला साजेशी घ्यायची की सासरच्या? थांबा आणि घरी परतल्यावर घ्या, हेच बरं. बारशाला काय देऊ असं आत्या-मावश्या विचारतात तेव्हा संकोच न करता सांगा की सगळ्यांनी मिळून बाबागाडी द्या, पण निवड आमची. चार झबली आणि दोन खुळखुळ्यांपेक्षा ते देणाऱ्यांनाही आवडतं.

गाडी पहिल्या तीन-चार महिन्यांतच लागणार असेल, म्हणजे लसीकरणाला चालत जायचं आहे किंवा संध्याकाळी सोसायटीत फिरवायचं आहे, तर एक अट सोडू नका. पाठ पूर्ण आडवी झाली पाहिजे. बाळ मान साधारण चौथ्या महिन्यात धरतं आणि आधाराशिवाय सहाव्याच्या आसपास बसतं. त्याआधी अर्धवट उभ्या आसनात ठेवलं तर मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. 'जन्मापासून वापरा' असं खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. दुकानात पाठ शेवटपर्यंत खाली करा आणि तळहाताने मध्यभागी दाबून बघा. काही स्वस्त गाड्यांत पाठीला टणक फळी नसते, नुसतं कापड ताणलेलं असतं. ते बाळाच्या भाराने झोळ खातं आणि आडवी वाटलेली पाठ आडवी राहत नाही. पाठ एका कळीने खाली जाते की दोरीच्या पट्ट्याने, हेही बघा. झोपलेल्या बाळाला न हलवता पाठ खाली करता आली पाहिजे.

गाडीसोबत मोटारीचं बाळ-आसन जोडून मिळतं, त्याला ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात. स्वतःची मोटार रोजच्या वापरात असेल तर ते उपयोगी आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा बाल-सुरक्षा आसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंड नसता तरी धावत्या मोटारीत बाळाला मांडीवर घेणं धोक्याचंच. पण हे आसन मोटारीसाठी आहे. ते गाडीच्या सांगाड्यावर बसवून दवाखान्याच्या दारापर्यंत न्यावं, त्यात तासन्‌तास झोपवू नये. कारण वर सांगितलं तेच, मान पुढे पडते. महिन्यातून दोनदा भाड्याच्या टॅक्सीने जाणाऱ्यांनी हा जोडसंच घेऊन पैसे अडकवू नयेत. मोटारीचं आसन आणि हलकी गाडी वेगवेगळी घ्यावीत.

चाकांकडे दुकानात कुणी बघत नाही, कारण तिथे फरशी गुळगुळीत असते. हलक्या गाड्यांना पुढे दोन-दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चाकांच्या जोड्या असतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्या अडकतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. हवा भरायची चाकं खडबडीत रस्त्यावर सर्वांत चांगली, पण जड आणि पंक्चर होणारी. रोजच्या वापराला फोमच्या किंवा पॉलियुरेथेनच्या भरीव, थोड्या मोठ्या चाकांची एकेरी रचना मला मधला मार्ग वाटते. पुढची चाकं गोल फिरावीत आणि हवं तेव्हा सरळ लॉक करता यावीत. खडी किंवा उतार आला की ती लॉक करा, गाडी थरथरत नाही. दुकानदाराला विनंती करून गाडी दुकानाबाहेर पदपथावर ढकलून बघा. आत सात-आठ किलोंचं ओझं ठेवा. त्यासाठी तांदळाची पिशवी असते तशी काहीतरी जड वस्तू घरूनच न्या, दुकानदार हसला तर हसू द्या. रिकामी गाडी चालवून काहीच कळत नाही. समुद्रकिनाऱ्यावर मात्र कुठल्याच छोट्या चाकांचा निभाव लागत नाही. गोव्यात किंवा कोकणात वाळूवर जाताना गाडी हॉटेलातच ठेवा आणि बाळाला कडेवर किंवा झोळीच्या पट्ट्यात घ्या.

घडी. याच्यावर जास्त वेळ द्या. दुकानातला मुलगा दोन सेकंदांत गाडी मिटवून दाखवतो, त्याचे हात सरावलेले असतात. तुम्ही स्वतः मिटवा, तेही एका हातात काहीतरी धरून. मग आजीला मिटवायला सांगा. कळ कुठे आहे, किती जोर लागतो, मिटल्यावर ती आपोआप अडकते की परत उघडते, मिटलेली उभी राहते की आडवी पडते, हँडल जमिनीवर घासतं का, हे सगळं तिथेच समजतं. मग मिटलेल्या गाडीची लांबी-रुंदी-जाडी टिपून घ्या आणि मोटारीच्या डिकीशी पडताळा. आपल्याकडे असंख्य मोटारींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. कंपनीच्या माहितीपत्रकात डिकी तीनशे लिटरची असते, प्रत्यक्षात टाकीपुढे एक ऑफिसची बॅग आणि छत्री मावते. अशा वेळी पातळ, छत्रीसारखी लांब मिटणारी गाडी मागच्या सीटच्या पायाजवळ आडवी घालता येते, आणि चौकोनी ठोकळ्यासारखी मिटणारी गाडी पुढच्या सीटमागच्या जागेत उभी राहते. रिक्षात ती मागच्या सीटमागे जाईल की मांडीवर घ्यावी लागेल, तेही एकदा करून पाहा.

छत्रीसारखी मिटणारी ही जात ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केलं होतं. नातीची अवजड गाडी पाहून त्याने 1965 साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहून कमी वजनाची गाडी तयार केली. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्या त्याच कल्पनेच्या लेकी आहेत. पण त्या घडीच्या सांध्याची एक दुसरी बाजूही आहे. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत याच मॅक्लारेन नावाच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांधे झाकणारी आवरणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना सांध्यात मुलांची बोटं सापडून 12 मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याची नोंद झाली होती. त्यामुळे गाडी घेताना दोन्ही बाजूंचे सांधे झाकलेले आहेत का बघा. उघडताना-मिटवताना मूल हाताच्या अंतरापलीकडे असू द्या. मोठं भावंड मदतीला धावतं, आणि बहुधा त्याचंच बोट सापडतं.

पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. नुसता कमरपट्टा असलेल्या गाडीतून दीड वर्षाचं मूल उभं राहतं आणि पुढे झेपावतं. ब्रेक एकाच पायाच्या दाबाने दोन्ही मागच्या चाकांना लागला पाहिजे. काढताना पायाचा चवडा खालून वर उचलावा लागत असेल तर चपलेतल्या अंगठ्याला लागतं. आपण वर्षाचे दहा महिने चपला घालतो, तेव्हा वरून दाबूनच लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक घ्या. साडीचा पदर, ओढणी मागच्या चाकात गुंतते, म्हणून चाकांना बाहेरून आवरण असेल तर उत्तम. भाजीची पिशवी हँडलला अडकवू नका. बाळ आत असेपर्यंत भार पुढे असतो, बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. कित्येकदा मूल आत असतानाही उलटते. जड सामान खालच्या टोपलीत ठेवा. टोपलीवर दोन किंवा तीन किलोंची मर्यादा लिहिलेली असते, ती खरी माना.

हँडलची उंची बदलता आली तर फार बरं. कारण आपल्याकडे दुपारची फेरी आजीची, संध्याकाळची आजोबांची आणि रविवारची बाबांची असते. पाच फुटांची आजी आणि सहा फुटांचा बाबा यांना एकच उंची पुरत नाही, आणि चुकीच्या उंचीचा त्रास आजीच्या पाठीला होतो. बाळाचं तोंड आपल्याकडे वळवता येतं का हेही विचारा. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या 2008 सालच्या अभ्यासात दिसलं की बाळ ढकलणाऱ्याच्या समोर असेल तर मोठी माणसं त्याच्याशी दुपटीहून अधिक बोलतात. पहिल्या वर्षात हा फायदा मोठा आहे, शिवाय बाळाने ओकारी काढली की लगेच दिसतं. मात्र अशा गाड्या दोन-तीन किलोंनी जड होतात. जिना असेल तर मी वजनाच्या बाजूने कौल देईन आणि बाळाशी टपाच्या खिडकीतून बोलेन.

दुसऱ्या मुलाचा विचार असणाऱ्यांना विक्रेते एकाची दोन होणारी गाडी सुचवतात. परदेशात अशा गाड्या लोकप्रिय आहेत. इथे त्या पन्नास हजारांच्या पुढे जातात, जड असतात आणि पुढे वाढवल्यावर लिफ्टमध्ये वळत नाहीत. मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर असेल तर त्या गाडीची गरजच नसते. धाकटं यायच्या वेळी थोरलं चालायला लागलेलं असतं. दीड-दोन वर्षांचं अंतर असेल तर धाकट्याला पहिले सहा महिने छातीशी बांधायच्या कॅरियरमध्ये घ्या आणि थोरल्याला गाडीत बसवा. कॅरियर घट्ट असावा, बाळाचा चेहरा नेहमी दिसावा, हनुवटी छातीपासून सुटी असावी आणि त्याचं कपाळ तुमच्या ओठांना टेकेल इतकं ते वर असावं. पुढे धाकटं गाडीत गेलं की मागे जोडायची छोटी चाकांची फळी मिळते, तिच्यावर थोरलं उभं राहतं. ती सगळ्या गाड्यांना बसत नाही, म्हणून पहिली गाडी घेतानाच विचारून ठेवा. वाढत्या कुटुंबासाठी हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो: आडवी होणारी, हलकी, 22 किलोंची एकच गाडी, सोबत एक कॅरियर आणि पुढे एक फळी.

जुळी असतील तर मात्र दोन आसनांची गाडी लागतेच. शेजारी-शेजारी आसनांची गाडी ढकलायला सोपी, पण साधारण 75 सेंमी रुंद असते. तुमच्या लिफ्टचं आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार आधी मोजा. एकामागे एक आसनांची गाडी अरुंद दारातून जाते, वळवायला कष्ट पडतात, आणि मागच्या बाळाला पुढचं काही दिसत नाही. दोन हलक्या गाड्या घेऊन त्या कड्यांनी एकमेकींना जोडणं हा तिसरा मार्ग आहे. घरात ढकलायला दोन माणसं असतील तर तो बरा, कारण एक बाळ आजारी असताना दुसऱ्याला एकट्याला नेता येतं.

आपल्या हवेसाठी दोन गोष्टी विसरू नका. उन्हात किंवा डासांसाठी गाडीवर ओढणी, दुपटं पांघरायची सवय मोडा. कापड पातळ असलं तरी आतली हवा कोंडते आणि तापमान झपाट्याने चढतं. बाळ आत तापत असतं आणि बाहेरून ते शांत झोपलेलं दिसतं. त्यासाठी खाली दूरवर येणारा टप आणि गाडीच्या मापाची डासांची जाळी वापरा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा जाळी सकाळच्या फेरीतही हवी. पाऊस-आवरण हवेची भोकं असलेलंच घ्या आणि पाऊस थांबला की लगेच काढा. जुलै-ऑगस्टमध्ये ओली गाडी मिटून ठेवली की गादीवर बुरशी येते. कापड सुटं करून धुता येतं का, हे मुंबई आणि कोकणातल्या लोकांनी पहिल्यांदा विचारावं. वाहत्या रस्त्यावर बाळाचं नाक मोटारींच्या धुराड्याच्या उंचीला येतं. आसन जितकं वर, तितकं चांगलं, आणि सिग्नलला उभं राहताना दोन पावलं मागे थांबा.

विमानप्रवासाला बहुतेक कंपन्या बाबागाडी वेगळे पैसे न घेता विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथे ताब्यात घेतात. मिटलेली गाडी केबिनमध्ये न्यायची असेल तर हातसामानाच्या मापाशी, म्हणजे साधारण 55 × 35 × 25 सेंमीशी पडताळा आणि आधी कंपनीला विचारा. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत, इंग्लंडमध्ये जाणाऱ्या आजी-आजोबांनी इथून गाडी नेऊ नये. तिकडे रुंद पदपथ, बर्फ आणि बसमध्ये गाडी उभी ठेवायची सोय असते, त्या रस्त्यांना मोठ्या चाकांची दणकट गाडीच बरी पडते. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी कुठलीही गाडी नेऊ नये, कॅरियरच घ्यावा. मेट्रोला लिफ्ट असते, ती वापरा. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका.

पैशांचं म्हणाल तर कापडी पाठीची साधी गाडी तीन-पाच हजारांत मिळते, पूर्ण आडवी होणारी चांगली हलकी गाडी साधारण आठ ते पंधरा हजारांत. मला पहिली फार स्वस्त वाटते, आणि पंधरा हजारांच्या पुढच्या फार महाग. मधल्या पट्ट्यात चाकं आणि सुटे भाग मिळतील असं नाव निवडा. बाबागाडी दोन-तीन वर्षांत मोकळी होते, त्यामुळे नात्यातली किंवा विकत घेतलेली वापरलेली गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त ती उघडून सांगाडा दोन्ही हातांनी पिरगळा. कुठे खुळखुळतंय, कुठे नळीला तडा आहे, रिव्हेट ढिली झाली आहे, ते कळतं. ब्रेक लावून उतारावर ढकला. बकल दहा वेळा लावून काढा. पट्टे उसवले असतील तर घरी शिवू नका, कंपनीकडून नवीन मागवा. गाडीखाली चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक वाचा आणि त्या क्रमांकाची गाडी परत मागवली गेली होती का ते कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. पट्टी फाटलेली असेल आणि क्रमांक कुणालाच आठवत नसेल, तर ती गाडी कितीही चकाचक असली तरी घेऊ नका.